गाडीचा नालबंद

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. लढाईत चार वर्षं लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या. गाडी बंद पडली की बॉनेट उघडायचं, नवस बोलायचा नाही, एवढंच शिकलो. तरी हे लिहितोय... हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

सेहेचाळीस साल. सैन्यातून सुटून पलूसला आलो आणि एक जुनी मोटार घेऊन सांगलीची भाडी मारू लागलो. पहिल्याच दिवशी दस्तगीरचाचा आले. बैलांना नाल ठोकायचा त्यांचा धंदा. कुणी नवा बैल आणला की ते आधी त्याच्या चारी पायांवरून हात फिरवत आणि म्हणत, "हा माझा." तसाच त्यांनी माझ्या मोटारीच्या चारी चाकांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही माझी." मोटारींमुळे ज्याचा धंदा बसणार, त्यानंच तिला आपली म्हणावं! मला हसू आलं.

महिन्याभरानं चाचा लंगडत आले. "गड्या, गाडीचा मागला डावा पाय बग."

त्यांच्या समाधानासाठी म्हणून गाडीखाली शिरलो — मागच्या डाव्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तडकलेला. बदलला. दुपारी चाचा सरळ चालत होते.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पण पुढंही तसंच होत गेलं... चाचांचा पाय दुखला की मागचं चाक, हात दुखला की पुढचं. आणि मी? फुकटचा मेकॅनिक मिळाला म्हणून खूश! एकदा त्यांचा उजवा हात आखडून धरला. पुढचं बेरिंग बदलायला हवं होतं, पण ऐन लग्नसराईत गाडी उभी करवेना. आठ दिवस तशीच दामटली. आठ दिवस चाचांना हातोडी उचलता आली नाही. मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्याची लाज आजही वाटते.

पुढच्या वर्षी मोटार सांगलीच्या एका जैन व्यापाऱ्याला विकली. चला, चाचा सुटले, असं वाटलं. पण दिवाळीनंतर त्यांचा उजवा हात पुन्हा धरला. औषधं झाली, लेप झाले. दारात आलेले बैल तसेच माघारी जाऊ लागले. शेवटी एके सकाळी मला म्हणाले, "तिला कुनी बगत न्हाई रं. तू जाऊन ये."

गेलो. शेठजींना काय सांगणार? पुढचं उजवं चाक खोलू द्या, एवढीच विनवणी केली. भला माणूस, खोलू दिलं. आत बेरिंगचा चुरा झाला होता. दुसऱ्या दिवशी लेकीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन ते याच गाडीनं तिच्या सासरी निघणार होते. शेठजींनी तो चुरा हातात घेऊन पाहिला.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"तिच्या नालबंदानं," मी म्हणालो, आणि सगळंच सांगून टाकलं.

नवं बेरिंग बसवून पलूसला परतलो तेव्हा ऊन कलत होतं. प्रवासी मोटारीतून उतरतोय तोच चाचांच्या हातोडीचा आवाज कानावर आला. भर रस्त्यात मला रडू फुटलं.

डॉक्टर, मेकॅनिक, मौलवी — सगळ्यांना विचारून झालं. कारण आजतागायत सापडलेलं नाही. दोन वर्षांनी शेठजींचं पोस्टकार्ड आलं. गाडी विकली होती. खाली नव्या मालकाचं नाव आणि पत्ता. त्यानं पुढं विकली तेव्हा त्याचंही कार्ड आलं. चाचा होते तोवर त्या गाडीचा पत्ता आम्ही कधी हरवू दिला नाही.