बाभळीच्या मुठीचा चमचा

माझा हात कधीही थरथरत नव्हता. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. रिठदच्या अलीकडच्या आमच्या गावात म्हातारी माणसं आजही सांगतील, की याला तिशीच्या आतच हाताचं दुखणं लागलं, बिचाऱ्याला चमच्याने जेवावं लागायचं. त्यातला चमचा तेवढा खरा.

थरथरायचा तो माझ्या मुलीचा हात. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील, ती सहा वर्षांची होती. तिची बोटं मिटायची तर सगळी एकदम, आणि उघडायची नको तेव्हा. घास ताटातून नीट निघायचा, पण तोंडाचा रस्ता चुकून कानापाशी पोचायचा. ती स्वतः हसायची. आम्ही हसत नव्हतो. वैद्य झाले, अंगारे झाले, शेवटी बायको म्हणाली, "हात सुधरन तवा सुधरन. तवरोक पोरगी उपाशी राह्यल का?"

शोध तिनेच सुरू केला. ताट सरकतं, म्हणून पोरीला लहान काठवटीत वाढायला लागली. भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट जागची हलत नाही, आणि काठ उंच असल्यामुळे भात पळून जात नाही. पाण्याला तान्ह्या बाळाचं तोटीचं बोंडलं. पाटीवरच्या पेन्सिलीला तिने दाणे काढलेल्या भुट्ट्याची मूठ केली, म्हणजे पेन्सिल कणसाच्या पोटात खुपसून दिली. राहिला चमचा. केनवडच्या बाजारातून पितळी आणला, तर त्याचा दांडा काडीएवढा, मुठीत ठरेना.

"वाढयाकडून जाड मूठ बसवून आना," तिने मला सांगितलं. वाढई म्हणजे आमचा सुतार.

मी गेलो. सुतार वखर दुरुस्त करत होता आणि तिथे आणखी तिघे विड्या ओढत बसले होते.

"चमच्याले मूठ?" सुतार म्हणाला. "कायले?"

पोरीचं सांगायला तोंड उघडलं आणि त्या तिघांकडे नजर गेली. उद्या हिच्या सोयरिकीला हेच तिघे पाहुण्यांना पाणी द्यायला उभे राहणार. "माह्यासाठी," मी म्हणालो. "हात लटलटते अलीकडं."

"आना पाहू हात." त्याने सुतळीने माझी मूठ मोजली आणि चार दिवसांनी नांगराच्या रुमण्याला शोभेल अशी बाभळीची मूठ हातात दिली. पोरीने ती दोन्ही हातांनी उचलली आणि दमून खाली ठेवली.

"याच्यानं पोरगी जेवन का पऱ्हाटीचं वावर वखरन?" बायको म्हणाली.

मी परत गेलो. जरा बारीक कर म्हणालो. मग आणखी जरा. तिसऱ्या खेपेला सुतार माझ्या पंजाकडे बराच वेळ बघत राहिला. "भाऊ, खरं सांगा. तुमचा हात आटून राह्यला का?"

"हो," मी म्हणालो. एकदा खोटं बोललं की माणूस कशालाही हो म्हणतो.

चौथ्या वेळी मूठ कोवळ्या वांग्याएवढी झाली. त्या दिवशी पोरगी काठवटीतला वरण-भात स्वतःच्या हाताने जेवली. दोन शितं नाकावर होती, बाकी सगळं पोटात. बायको पदराने डोळे पुसत होती, आणि मी बाहेर जाऊन बैलावर उगाच ओरडलो.

पण माझं दुखणं गावभर झालं होतं. पेरणीला तिफणीमागे चाड्यावर मूठ धरायची, म्हणजे तिन्ही नळ्यांतून दाणा सारखा पडेल असं बी सोडत चालायचं. ती माझी मूठ नावाजलेली होती. शेजारपाजारचे बोलवायला यायचे. औंदा कोणी आलं नाही. घरचीच तिफण निघाली तेव्हा माझे थोरले भाऊ, दादा, म्हणाले, "तू बांधावर बस. हात दुखवू नको." मूठ त्यांनी धरली. पंधरा दिवसांनी जवारी उगवली ती इथे झुपका, तिथे टक्कल. येणारा-जाणारा शेताच्या धुऱ्यावर थांबायचा आणि म्हणायचा, "बिचारा. अशा हातानं काहून पेरलं असन?" दादांनी आकाशाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

मग मारुतीच्या पारावर पंगत झाली. बायकोने चमचा माझ्या खिशात घातला होता, पोरीसाठी. पोरगी माझ्या शेजारी बसली. पानं वाढून झाली, आता जयजयकार होऊन सगळे हात घालणार, तेवढ्यात वरण वाढणारा थांबला. "अरे थांबा. भाऊचा चमचा कुठं हाय?"

अख्खी पंगत थांबली. पोरगी माझ्या खिशाकडे बघत होती. चमचा काढून तिला दिला असता तर संपलं असतं. मी तो काढला, आणि त्या वांग्याएवढ्या मुठीने, मुद्दाम हात हलवत, स्वतः जेवायला लागलो.

पोरीने हात घातला. वरण कोपरापर्यंत गेलं. समोरचा म्हणाला, "पोरीचा हात बी बापावरच गेला बाप्पा." म्हणजे जे झाकायला निघालो होतो ते पंगतीत उघडं पडलंच, वर माझ्या नावावर चढलं. मी चमचा तिच्यापुढे सरकवला. तिने तो परत ढकलला.

"तुमीच घ्या बाबा," ती म्हणाली. "तुमचा लय हालते."

आणि ती खूश होती. घरात आपल्यासारखं आणखी कोणी आहे, असं तिला वाटलं होतं.

आज ती धनजकडे आपल्या संसारात आहे. लाटण्याला चिंध्या गुंडाळते, बादलीला दोन कड्या बसवून घेतल्या आहेत. सगळं तिचं तिने शोधलेलं. मी गेलो की माझ्या ताटाशेजारी न विसरता जाड मुठीचा चमचा ठेवते. माझी पन्नाशी आली, तरी मी तो उचलतो आणि थोडा हलवतो. तिची सासू हळहळते.

हात हलत नव्हता, मला तुझी लाज वाटली होती, हे मला तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.