सात बापांच्या गावातली उमसुनाय

कोचकोरच्या खोऱ्यात कुणी गेलं की पहिला फोन मुल्लाला जातो आणि दुसरा उमसुनायला. मुल्लाला उशीर झाला तरी चालतो, पण तिला होऊन चालत नाही, असं लोक मुल्लाच्या पाठीमागं म्हणतात. तंबूत भिंतीकडं तोंड करून तिनं पहिला सूर लावला, की बाहेर घोडे बांधणाऱ्या पुरुषांचे हात जागच्या जागी थांबतात. गेलेल्या बाईचा अख्खा जन्म ती त्या विलापात, कोशोकमध्ये, मांडते. कुणाची लेक, कुठं दिली, किती पोरं, काय सोसलं. जिवंतपणी बाईनं आपलं दुखणं बोलायचं नाही आणि मेल्यावर ते कुणी लपवायचं नाही, असा इथला कायदा आहे. आणि कोशोकमध्ये खोटं चालत नाही. तिथं खोटं बोलणाऱ्या बाईला पुन्हा कुणी बोलवत नाही.

एक कोशोक संपला की उमसुनाय लगबगीनं बाहेर जाऊन यायची. घसा मोकळा करायला जाते, असं सगळे धरून चालत. घसा कसला! तीस वर्षं तिच्या ओटीपोटात निखारा होता. अर्ध्या-अर्ध्या तासाला जावं लागे, गेलं तरी सुटका नाही, आणि रात्री चार-पाच वेळा उठणं ठरलेलंच. राजधानीला, बिश्केकला, जाणाऱ्या व्हॅनमध्ये बसायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून ती पाण्याला शिवत नसे. नवरा होता तेव्हा त्यालाही तिनं पत्ता लागू दिला नाही. पक्की खमकी बाई, पण या एका बाबतीत तोंडाला कुलूप.

तेच दुखणं तिच्या लेकीला, सिरगाला, लागलं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. सासूनं, काल्बुबूनं, आधी गार दगडावर बसल्याचा ठपका ठेवला. मग गोळ्या झाल्या, तपासण्या झाल्या आणि दर वेळी कागदावर एकच आलं, लघवी स्वच्छ, जंतू नाहीत. तेव्हा काल्बुबूचं डोकं फिरलं. "जंतू नाहीत, म्हणजे आजार नाही. आजार नाही, म्हणजे नाटक! घोडीची धार काढायची वेळ झाली की हिला बरोब्बर जावं लागतं!" तिनं सुनेला माहेरी आणून सोडलं आणि दारातच निकाल दिला. "येत्या रविवारी आम्ही गुरं घेऊन वर कुरणात चाललो. तोवर एखाद्या डॉक्टरनं आजार आहे असं लिहून दिलं, तर ही माझी सून. नाही तर तुमची लेक तुम्हाला लखलाभ."

त्या रात्री सिरगा कोपऱ्यात मुटकुळं करून पडली होती. उमसुनायनं मीठ तापवून फडक्यात बांधून तिच्या पोटाशी दिलं आणि एवढंच म्हणाली, "सोस गं, बाई. बायकांना सोसावंच लागतं." स्वतःबद्दल चकार शब्द नाही.

आणि शुक्रवारी दवाखान्यात बिश्केकची डॉक्टरीण आली! पेरिझात तिचं नाव, वय पस्तिशीचं, बोलणं तुरुतुरु. मूत्राशयाची अशी जुनाट आग एकेका घराण्यात का दिसते, याचा शोध घ्यायला ती गावोगाव फिरत होती. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे दुखणं आहे, त्या घरातल्या बायकांना ती बिश्केकला नेणार, आतून दुर्बिणीनं बघणार, उपचार सुरू करणार आणि काय ते लेखी देणार. उमसुनायनं ऐकलं मात्र, तिचे पाय जमिनीवर ठरेनात. चहा तसाच टाकून ती सिरगाला ओढतच घेऊन निघाली. काल्बुबूही हजर झाली, निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायला. आणि घराण्याचा प्रश्न म्हटल्यावर उमसुनायचे थोरले दीर आशिरबाय, गावचे अक्साकाल, म्हणजे वडीलधारे, पांढरी टोपी चढवून सगळ्यांच्या पुढं.

"तुमच्या घराण्याची माहिती सांगा," पेरिझात म्हणाली.

आशिरबायनं घसा खाकरला. सात पिढ्यांतल्या सात बापांची नावं त्यांनी एका दमात म्हणून दाखवली. मग कुणी न विचारता आठवा सांगितला, घोडे पळवणारा. नवव्यावर आले तेव्हा डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं.

"अक्साकाल, ह्यात एक तरी बाई आहे का?"

"बाई कशी असेल? वंशावळ आहे ती!"

"हे सगळे बापे काय एकेकटेच जन्मले का?"

नर्स फिसकन हसली. आशिरबायनं टोपी सारखी केली आणि छताकडं बघू लागले.

"आणि हे तर सिरगाच्या वडिलांकडचे. मला तिच्या आईकडच्या बायका हव्यात." मग ती उमसुनायकडं वळून, थोरल्या बहिणीला हाक मारतात तशी, म्हणाली, "एजे, तुमच्या आईची आई कोण होती?"

उमसुनाय गडबडली. "जुमगलची होती. सगळे तिला तेझिकची सून म्हणायचे."

"नाव?"

नाव? नाव कुणी घेतलंच नव्हतं. घरातल्या बायका पांगलेल्या, एक जुमगलला दिलेली, एक नारिनला, एक डोंगरापलीकडं. प्रत्येकीला आपलं दुखणं आपल्याच सासरगावच्या थंडीचं वाटायचं. काल्बुबू खुर्चीवरून उठायला लागली. "झालं? चला मग."

"थांबा, विहीणबाई! मला सांगता येत नाही, पण मी तिला रडले आहे!"

आणि ती भिंतीकडं वळली. दवाखान्याच्या त्या निळ्या भिंतीकडं, लसीकरणाच्या तक्त्यासमोर. डोळे मिटून तिनं सूर लावला:

"तेझिकची सून, सुयुनची लेक, उरकिया गं आजी,
ऐन उन्हाळ्यात मांडीवर तापला दगड, उरकिया गं आजी,
चाळीस वर्षं रात्र तुला पुरी मिळाली नाही..."

नाव आलं! सुराबरोबर नाव आपसूक आलं! पेरिझात झपाझपा लिहू लागली. आजी झाली, मग आई आली, मग नारिनची मावशी, पोटाला लोकरीचा पट्टा बांधल्याशिवाय जिला उभं राहता येत नव्हतं. मग मावशीची लेक. कोशोक गाण्याच्या तेहतीस वर्षांत तिनं ज्यांना रडलं त्या बायका एकेक करून त्या खोलीत येत होत्या, आपापली नावं आणि आपापली दुखणी घेऊन. बाहेरच्या बाकावरची माणसं दारात गोळा झाली. उमसुनायला इतकं उधाण आलं होतं, की गालांवरून काय ओघळतंय याचंही तिला भान नव्हतं.

"चार जणी, तीन पिढ्या!" डॉक्टरणीचे डोळे चमकले, पण लगेच ती अडखळली. "पण एजे, या सगळ्या गेलेल्या. जिवंत कुणी आहे का? मला दोन पिढ्यांचं रक्त लागतं. सिरगाचं आहे. तिच्या वरचं, त्याच दुखण्याचं, कुणी?"

समोर विहीण, बाजूला दीर, दारात अर्धं गाव. उमसुनायनं लेकीकडं पाहिलं. सिरगाची मान खाली होती आणि एक हात ओटीपोटावर दाबलेला.

उमसुनाय परत भिंतीकडं वळली आणि तिनं सूर लावला:

"उरकियाची नात, बुर्माची लेक, उमसुनाय गं बाई..."

"तोबा! तोबा!" आशिरबाय ओरडले. "जिवंत माणसाचा कोशोक! अपशकुन!" काल्बुबूनं तीनदा थू-थू केलं. कुणीतरी दार लावायला धावलं. पण ती थांबली नाही. तीस वर्षांचा निखारा तिनं सगळ्यांसमोर ओतला. न प्यालेलं पाणी, व्हॅनमध्ये आवळलेले दात, नवऱ्याला सांगितलेली खोटी कारणं. आणि शेवटची ओळ: "लेकीला झालं तेव्हाही गप्प बसलीस, उमसुनाय गं बाई."

काल्बुबू खुर्चीत पुन्हा बसली. "विहीणबाईंच्या आईला मीही रडले होते," ती शेवटी म्हणाली. "त्यांच्याही अंथरुणात तसाच दगड मी पाहिला होता. डॉक्टरीणबाई, म्हणजे हे नाटक नाही?"

"नाही. लघवी स्वच्छ असते आणि तरी आग होते, आजारच तसा आहे. रक्तातून नेमकं काय उतरतं ते अजून कुणाला कळलेलं नाही. म्हणून तर मी आले. पण दोष कुणाचाच नाही. थंडीचाही नाही. मी लिहून देते."

"बिश्केकला माझ्या मुलाची गाडी येईल," काल्बुबू म्हणाली. "व्हॅनमध्ये नको बसायला दोघींना. आणि वाटेत हवं तिथं थांबवा म्हणावं, मी सांगितलंय म्हणून."

उमसुनायनं बाही वर केली. जिंकल्यासारखी मान उंच करून तिनं लेकीकडं पाहिलं, पण सिरगा हसत नव्हती.

"आई, तुला माहीत होतं."

"तुला लाज वाटू नये म्हणून नाही बोलले गं."

"मला वाटायचं, जगात मी एकटीच अशी आहे," सिरगा म्हणाली. "तुझ्या शेजारी झोपून वाटायचं."

नर्सनं सुई टोचली तेव्हा उमसुनायनं त्याच हाताचा पंजा लेकीपुढं केला. सिरगानं तो लगेच धरला नाही. पण धरला तो इतका घट्ट, की नर्सला म्हणावं लागलं, बाई, जरा सैल सोडा, रक्त येऊ द्या.