पेल्याला ओठ लावणारा यवन

बायको गेली तेव्हा तिच्या तोंडचा शेवटचा शब्द होता, यवन. देवाचं नाव नाही, मुलाचं नाही. सकाळी माझ्याकडे बघून म्हणाली आणि संध्याकाळी संपली. तेव्हापासून मला एकच लागून राहिलं, माझ्यावर रागावून गेली की काय.

आमच्या कुंभकोणमच्या मराठी घरांत यवन म्हणजे मुसलमान. हरिकथेतही तोच अर्थ. पण बोलताना, जो सोवळं पाळत नाही तो कुणीही यवन. मी त्यातला. इकडे कॉफी वरून पितात, पेला उंच धरून, ओठ न लावता. मी जन्मभर पितळी समयांच्या दुकानात बसलो, तिथं सगळे ओठ लावून प्यायचे. माझीही तीच सवय. लग्न झालं आणि आठवड्याच्या आत ती म्हणाली, "अहो यवन, तुमचा पेला वेगळा ठेवा." नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून मग तेच नाव झालं. पाणी तापलंय, अहो यवन. भाजी आणा, अहो यवन. तक्रार कुणाकडे करणार?

तेराव्याला माझी थोरली बहीण आली. जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर विचारलं, "शेवटी विठ्ठलाचं नाव घेतलं ना रे तिनं?"

माझ्याआधी सून बोलली. ती तमिळ घरातली, शाळेत तमिळ शिकवते, सासऱ्याला तिकडच्या रीतीनं मामा म्हणते. "मामांना यवन म्हणाल्या," ती म्हणाली.

"अगंबाई! मरताना नवऱ्याला शिवी?"

"शिवी कशी? जुन्या तमिळ कवितांत यवन राजाच्या दाराशी पहारा करतात. मामा आजारपणभर दाराशीच बसून होते. मला वाटलं, या वेळी त्यावरून म्हणाल्या."

"असेल बाई. तुमच्या तमिळमध्ये सगळंच सोन्याचं," बहीण म्हणाली आणि विडा लावायला बसली.

पाहुणे गेले. सून भांडी पुसत होती. मी म्हणालो, "तो शब्द आला कुठून, ते सांग."

तिनं सांगितलं. ग्रीक लोकांत समुद्रकाठचे एक लोक होते, आयोनियन. इराणी त्यांना यौना म्हणायचे, आपल्याकडे यवन झालं. त्यांची गलबतं आपल्या किनाऱ्याला लागायची, दारू यायची, बाईच्या हातात पणती असलेले दिवे यायचे. पुढं पश्चिमेकडून जो येईल त्याला तेच नाव पडलं. ग्रीक राहिले बाजूला, मुसलमानांना चिकटलं.

तसले बाईचे दिवे मी किती विकले. ते यवनांचे म्हणून कुणी बोललं नव्हतं.

"ते सगळे बाहेरून तरी आले," मी म्हणालो. "मी कुठून आलो? कावेरी ओलांडायची म्हटलं तर माझे पाय दुखतात. आणि पहाऱ्याचं काही नाही. ओठ लावून पितो म्हणून म्हणायची."

सून हसली. मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे त्या दिवशी खरंच रागावल्या होत्या?"

"तेच कळत नाही," मी म्हणालो आणि सांगून टाकलं. त्या सकाळी तिला मान वर करता येत नव्हती. कॉफी वरून ओतली असती तर ठसका लागला असता. कढत आहे का, ते मी आधी ओठ लावून बघितलं आणि तोच पेला तिच्या तोंडाशी धरला. तिनं ते बघितलं. म्हणाली, "यवन."

"मग? तोंड फिरवलं?"

"नाही. प्याली."

"तुमची उष्टी?"

"उष्टीच."

सुनेचा हात फडक्यावर थांबला. "सगळी?"

"तळाशी घोटभर उरली," मी म्हणालो. "ती मी प्यालो."