काळं कोकरू

परवा खिडक्या रंगवताना टर्पेंटाइनचा वास आला आणि मी मनाने लहानपणच्या, जतच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये पोचले. नाताळासाठी उत्तम मेंढपाळ येशूचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. सांगलीच्या इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलीला सगळं येतं, असा चर्चच्या पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, समज होता. मी येशूच्या खांद्यावर पांढरंशुभ्र कोकरू काढलं आणि कुणी हसू नये, अशी प्रार्थना केली.

चर्चमागे मेंढरं बसवणारे बिराप्पामामा दारातून डोकावले. "पोरी, ह्यो बाबा ससा घिऊन कुटं निगालाय?"

मी रडवेली झाले. तसं त्यांनी एक लंगडं, काळं कोकरू आणून माझ्याच खांद्यावर ठेवलं. "पाय फुडं धर. न्हाईतर पडंल त्ये."

ते उबदार होतं, जड होतं, भेदरलेलं होतं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे बायबलमधलं स्तोत्र मला इंग्रजीत पाठ होतं. त्याचा अर्थ तेव्हा पहिल्यांदा मानेवर जाणवला. तेवढ्यात ते माझ्या फ्रॉकवर मुतलं.

मी चित्रातलं कोकरू काळं केलं. नाताळाच्या दिवशी पाळकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाळ, हे काळं का?"

मी मागे वळून पाहिलं. दारातून मामा ओरडले, "आवं, आमचंच हाय त्ये!"

सगळं चर्च हसलं, मीसुद्धा. माझी प्रार्थना देवाने ऐकली नाही, हे बरंच झालं.