चौतीस टक्के

गावात त्याला टक्केमास्तर म्हणत. शाळेशी त्याचा संबंध चौथीतच सुटला होता, पण रोज सकाळी बॅटरीघराच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचा, म्हणून मास्तर. टेकडीवर सौर पॅनल, खिंडीत तीन पवनचक्क्या, आणि या दोन्हींची वीज साठवायला दोन लांबलचक लोखंडी डबे, आत बॅटऱ्या खच्चून भरलेल्या. ऊन नसलं, वारा पडला की गाव त्या डब्यांवर जगायचं. ऐंशीच्या वर आकडा असला की गिरणी फिरायची, सुताराची करवत ओरडायची. चाळीसच्या खाली गेला की नुसते दिवे.

"मास्तर, आमच्या सासूबाई किती टक्के उरल्यात ते पण लिहा की," पाण्याला जाणाऱ्या बाया म्हणायच्या.

"त्या फुल चार्ज आहेत. तुमचंच बघा," मास्तर मान वर न करता म्हणायचा.

तळाचे वीस टक्के तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. नियम कंपनीचा होता, पण त्याच्यापुरता तो ताईचा होता. थोरली बहीण. आई गेल्यावर हिनेच त्याला धुतलं, खाऊ घातलं, वेळेला बदडलंही. खडीच्या कारखान्यात वीस वर्षं दगडाची धूळ खाऊन तिच्या फुप्फुसांचं चिपाड झालं होतं. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस घुरघुरायचं. ते बंद पडलंच तर एक सिलिंडर, तोही चार तासांचा.

बॅटऱ्या आल्या त्या वर्षी लोकांनी घरचे इन्व्हर्टर आणि डिझेल इंजिनं भंगारात काढली. कशाला हवीत आता?

कंपनीने एक नियम सांगितला होता. पंधरा दिवसांतून एकदा बॅटरी काठोकाठ भरायची, हिरवा दिवा लागून दोन तास तशीच ठेवायची. त्या दिवशी दुपारची वीज कुणालाच द्यायची नाही. आणि नेमकी तेव्हाच सुतार दारात उभा राहायचा. सुतार ताईचा शेजारी. तिच्या खाटेचा पाय त्यानेच बसवून दिलेला, उशा टेकवायला तिरकी फळीही त्याचीच.

"नव्वद झालेत ना? वरचे दहा काय लोणचं घालायला ठेवतोस? दोन तास करवत चालू दे, चार दरवाजे उरकतो."

मास्तरला ते पटायचं. भरलेल्या रांजणात आणखी काय ओतायचं? चार महिने हिरवा दिवा लागलाच नाही.

मग ढग आले. पाऊस नाही, काही नाही, नुसतं घोंगडं पांघरल्यासारखं आभाळ. पवनचक्क्या तिन्ही गुमान उभ्या. चौथ्या दिवशी सकाळी त्याने चौतीस लिहिले. गिरणी बंद, करवत बंद. सुतार हत्यारं घेऊन पलीकडच्या वाडीत कामाला गेला. चौतीस म्हणजे अजून दोन दिवस ताईला भ्या नाही, असा मास्तरने हिशोब केला.

अकरा वाजता डब्यातले, बॅटऱ्या गार ठेवणारे पंखे थांबले. पडद्यावर चौतीस होते, बघता बघता शून्य झाले.

त्याने बटण दाबलं. खट्ट झालं, पुन्हा शांत. तीनदा तेच. मग शहरातल्या इंजिनियरला फोन लावला.

"शेवटची पूर्ण कधी भरली होती?" इंजिनियरने विचारलं.

"चार महिने झाले," मास्तर म्हणाला.

"अहो, आत किती गेलं, बाहेर किती आलं, एवढंच ते मोजतं. रोज थोडं चुकतं. पूर्ण भरली की चूक पुसली जाते. तुमचे ते चौतीस कधीच संपले होते."

"माझी बहीण मशीनवर आहे, साहेब."

इंजिनियर भराभर बोलला. जनरेटर आणि भरलेले सिलिंडर घेऊन निघतो, पण घाटाने सात तास लागतील. तोवर सगळ्या लाइनी तोडा. ढगातून पॅनलवर येईल तेवढी चिमूटभर वीज नुसती आत जाऊ द्या. चारला फक्त बहिणीची लाइन जोडा. तेवढ्यावर मशीन चालेल. मोठं काही चालू झालं तर सगळं पुन्हा बसेल, आणि मग माझ्या हातात काही नाही.

मास्तर सायकलवर घरी आला. गावातल्या नर्सबाईंनी ताईला सिलिंडर लावला होता, धार कमी केली होती, म्हणजे पाचेक तास पुरेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून न्यावं का, त्याने विचारलं. "पहिल्या वळणावर जाईल," नर्सबाई म्हणाल्या.

त्याने ताईला सगळं सांगितलं, नव्वद टक्क्यांचंही.

ताई दोन दोन शब्द तोडून बोलायची. "लहानपणापासून... असाच. कुणी मागितलं की... चड्डी काढून देशील." थोडं थांबून म्हणाली, "जा तिकडे. इथं बसून... काय फुंकणार आहेस मला?"

ताईच्या लाइनवर पंधरा घरं. तो दारोदार फिरला, मेन स्विच पाडायला लावले. सुताराच्या दाराला कुलूप होतं, पण मीटरची पेटी बाहेर भिंतीवर. त्याचा मेन मास्तरने स्वतः पाडला.

चारला त्याने लाइन जोडली. पंखे फिरले. नर्सबाईंनी मशीनजवळ फोन धरला, घुरघुर ऐकू आली. पडद्यावरच्या आकड्याकडे बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून तो फोन कानाला लावून डब्याच्या पायरीवर बसून राहिला. घुरघुर चालू आहे म्हणजे चालू आहे. सव्वा तास तो हलला नाही, लघवीलाही नाही.

सव्वापाचला सुतार कामावरून परतला. घरात अंधार, शेजारी मशीनचा आवाज. त्याने पेटी बघितली. आपलाच मेन कुणी पाडला म्हणून चिडला आणि वर केला. विहिरीच्या पंपाचं बटण निघताना चालूच राहिलं होतं. पंप गुरगुरला, आणि सगळं बसलं.

फोनमध्ये नर्सबाई म्हणाल्या, "बंद पडलं."

"ऐकलं," मास्तर म्हणाला. त्याने सात वेळा बटण दाबलं. मग सायकल उचलली.

ताईला पुन्हा सिलिंडर लावला होता, त्याचा काटा शेवटच्या रेघेवर आला होता. तिला आडवं होववत नव्हतं. ती खाटेवर बसली होती, हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वरखाली होत होते. दारात सुतार उभा. "मला कुणी सांगितलं नाही रे," तो म्हणाला. "मी तर वाडीत होतो." तो निघून जाईना.

मास्तर खाटेवर चढला आणि ताईच्या पाठीला पाठ लावून बसला, तिला टेकता यावं म्हणून. तिने अंग सोडलं. तिचा एकेक श्वास त्याच्या बरगड्यांना कळत होता. इंजिनियरचा फोन आला, घाट उतरलो, पाऊण तास. नर्सबाईंनी काटा बघितला आणि पुन्हा बघितला नाही.

गाडी सव्वासहाला दारात थांबली. सिलिंडर उतरवायला सुतार धावला. ताई तोवर गेली होती. मास्तरला ते पाठीने आधीच कळलं होतं, पण मागे सरकलो तर ती पडेल, म्हणून तो तसाच बसून होता.