अनुपमा मिरजकर येणार नाहीत

पासपोर्टच्या फोटोत काकूंचा चेहरा होता. नाव मात्र दुसऱ्याच बाईचं होतं.

सकाळचे साडेदहा वाजले होते. गुरुग्राममधल्या माझ्या ऑफिसात मी मिरजकर काका-काकूंचं वेब चेक-इन करायला बसले होते. म्हणजे विमानतळावर जायच्या आधीच सीट पक्की करून ठेवायची. त्याला पासपोर्टचा नंबर लागतो, म्हणून काकांकडून व्हॉट्सॲपवर दोन्ही पासपोर्टचे फोटो मागवले. काकांचा ठीक होता. काकूंच्या पासपोर्टवर नाव होतं वत्सला मिरजकर. मी काढलेल्या तिकिटावर नाव होतं अनुपमा मिरजकर. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता सुटणार होतं.

मी बावीस वर्षं ट्रॅव्हल एजंट आहे. माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक पाटी आहे, मीच लॅमिनेट करून लावलेली: 'पासपोर्ट पाहिल्याशिवाय तिकीट नाही.' ऑफिसात नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी मी ती पाटी मोठ्यानं वाचायला लावते. पाटी माझ्या पाठीमागे असल्यामुळे मला दिसत नाही, एवढाच बचाव माझ्याकडे होता.

मिरजकर काकांना मी वीस वर्षं ओळखते. केंद्र सरकारात नोकरी करून निवृत्त झालेले, दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला राहणारे. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेत दरवर्षी 'हळदीकुंकू: सौ. अनुपमा मिरजकर' असं छापलेलं असतं. काका त्यांना 'अनू' म्हणतात. बाकी सगळी दिल्ली त्यांना काकू म्हणते. जमैकाला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, त्यामुळे पासपोर्ट मागायची वेळच आली नाही. मी काकांना फोन केला, "काकूंचं नाव अनुपमाच ना?" ते म्हणाले, "बिल्कुल." आणि मी तिकीट काढून मोकळी झाले.

जमैका का, तर लग्नाला चाळीस वर्षं होत होती आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं होतं, कुठे जायचंय. काकू म्हणाल्या होत्या, "आज भाजी काय करू, हे जिथे कोणी विचारणार नाही तिथे. मीसुद्धा नाही." मी त्यांना समुद्रावरचा एक ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट दाखवला. ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे राहणं, खाणं, पिणं सगळं आधीच धरलेलं. मनगटाला एक पट्टा बांधतात, तो दाखवायचा आणि हवं ते मागायचं. काकांनी थोडा विचार करून विचारलं, "म्हणजे मंगल कार्यालयात सात दिवस राहिल्यासारखं?" मी हो म्हटलं. माझ्या सगळ्या ब्रोशरमध्ये मिळून इतकं चांगलं वर्णन नाही. काकूंनी महिनाभर आधी दोन सुती गाऊन शिवून घेतले होते आणि फ्रिज रिकामा करायला घेतला होता.

आता नियम सांगते. तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखंच लागतं. एखाद-दुसरं अक्षर चुकलं तर एअरलाइन दुरुस्त करून देते, आमच्या एअरलाइनची मर्यादा तीन अक्षरांची. मी इंग्रजीत दोन्ही नावं एकाखाली एक लिहून पाहिली. दोन्ही सात अक्षरांची निघाली, आणि मला क्षणभर बरं वाटलं. मग मोजलं, तर पाच वेगळी. बावीस वर्षांच्या अनुभवी बाईनं असल्या गोष्टीत दहा मिनिटं घालवली हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करते.

मग अरोराजींना फोन केला. आम्ही छोटे एजंट थेट एअरलाइनकडून तिकिटं घेत नाही, घाऊक एजंटाकडून घेतो. आमचे ते अरोराजी.

"मॅडम, ये तो दूसरा पैसेंजर हो गया," ते म्हणाले. "कैंसल करके नया बना लो."

"बना लेती हूँ. सीट दिखाइए."

त्यांनी पाहिलं. त्या विमानात एकही सीट नव्हती, आणि काकूंची सोडली तर ती परत आपल्यालाच मिळेल याची हमी नव्हती. पुढची चार दिवसांनी. म्हणजे काका उद्या जाणार, आणि काकू चार दिवस घरी बसून आपल्यापुरती भाजी करणार.

एवढ्यात काकांचा फोन आला. "झालं का गं शुभदा? खिडकीची सीट मिळाली का अनूला?"

"सिस्टिम जरा स्लो आहे काका," मी म्हटलं. ट्रॅव्हल एजंटनं हे वाक्य उच्चारलं की समजावं, सिस्टिम अगदी झकास चालू आहे.

फोन ठेवला आणि मला माझीच शरम वाटली. वीस वर्षं ज्यांच्या घरी मी पुरणपोळ्या खाल्ल्या त्या बाईची सुट्टी मी घालवली होती, आणि वर थापा मारत होते. शिवाय ही चूक मी करावी याला तर माफीच नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'रेवती' लिहिलं गेलं होतं. सासूबाईंनी दोन महिने त्या नावानं हाका मारल्या. आपल्याला बोलावताहेत हे माझ्या लक्षातच यायचं नाही. शेवटी त्यांनी नाद सोडला. आपल्याकडे बायकांची दोन-दोन नावं असतात हे मला शिकवायला कोणी नको होतं.

मी परत फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

काका शांतपणे म्हणाले, "पासपोर्टवर वत्सलाच आहे. शाळेच्या दाखल्यावर जे आहे तेच घालावं लागलं. फॉर्म मीच भरला होता."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस, नाव अनुपमाच ना. मी हो म्हटलं. पासपोर्टवर काय आहे हे तू विचारलंच नाहीस." सरकारी माणूस जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो, आणि ते बरोबर असतं.

बाराच्या सुमाराला अरोराजींचा फोन आला. एक वाट होती. लग्नामुळे नाव बदललं असेल तर एअरलाइन पूर्ण नाव बदलून देते. पण दोन्ही नावं एकत्र असलेला एक सरकारी कागद हवा, सोबत नोटरीचं ॲफिडेव्हिट, आणि हे सगळं पाचच्या आत. ॲफिडेव्हिट म्हणजे शपथेवर लिहून दिलेला कागद. तो तासाभरात होतो. पण चाळीस वर्षांपूर्वी साताऱ्यात झालेल्या लग्नाचं सर्टिफिकेट कुठून आणायचं? ते कोणी काढलंच नव्हतं.

मी काकांना विचारलं. या वेळी प्रश्न नीट विचारला: "दोन्ही नावं असलेला कुठलाही सरकारी कागद तुमच्याकडे आहे का?"

"आहे ना," काका म्हणाले. "पेन्शनचा."

दोन वाजता आम्ही मध्य दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर भेटलो. ते दोघं उत्तरेकडून मेट्रोनं आले, मी गुरुग्रामहून. तिथल्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये काकांनी टेबल पुसून घेतलं आणि फायलीची लेस सोडली. पेन्शनच्या कागदावर लिहिलं होतं: पत्नी, श्रीमती वत्सला उर्फ अनुपमा मिरजकर.

"मी तेव्हा फक्त अनुपमा लिहून दिलं होतं," काका म्हणाले. "सेक्शननं ऑब्जेक्शन काढलं. मग अर्ज करून उर्फ घालून घेतलं. तीन महिने लागले. तेव्हा ही हसत होती मला."

"अजून हसते," काकू म्हणाल्या. त्या दिवशी तोवर त्या एवढंच बोलल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

जवळच एक नोटरी बसत होता. त्यानं मजकूर टाइप केला, चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं आणि विचारलं, "इसमें असली नाम कौन सा है?"

"दोनों," काका म्हणाले.

"आपसे नहीं पूछा, सर. मैडम से पूछा."

काकूंनी पेन हातात घेतलं. मग म्हणाल्या, "असली वत्सला. अनुपमा इन्होंने रखा था." आणि सही करता करता म्हणाल्या, "मुझसे पूछा नहीं था."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पावसाळ्यात सर्दी झाली होती, असं सांगावं तसं सांगितलं. काका फायलीची लेस बांधत राहिले. ती बांधायला एरवी त्यांना इतका वेळ लागत नाही.

कागद स्कॅन करून पाठवले आणि परत कँटीनमध्ये जाऊन बसलो. चार चाळीसला मेल आला. तिकीट वत्सला मिरजकर या नावावर झालं होतं. काकूंनी माझा हात दाबला आणि घरी जाऊन फ्रिजमधलं उरलेलं दही कोणाला द्यायचं याचा विचार करायला लागल्या. मला रडू येत होतं. मी ते समोरच्या तिखट मिसळीवर ढकललं.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती सांगितलीच नसती. पण रिसॉर्टचं बुकिंग अजून जुन्याच नावावर होतं. ते आठवलं मेट्रोत, उभ्या उभ्या. मी फोनवरच घाईघाईनं इंग्रजीत मेल केला. त्याचा अर्थ असा होता: 'अनुपमा मिरजकर येणार नाहीत. त्यांच्याऐवजी मिस्टर मिरजकरांबरोबर वत्सला मिरजकर येतील. खोली तीच ठेवा, पलंगही तोच.'

उत्तर मी दुसऱ्या दिवशी वाचलं, विमान सुटल्यावर. 'पूर्ण कल्पना आली. लग्नाच्या वाढदिवसाचा केक आणि सजावट रद्द केली आहे. आमच्याकडे पाहुण्यांची गोपनीयता कसोशीनं पाळली जाते.'

मी उत्तर दोनदा वाचलं. मग लांबलचक मेल लिहिला. या दोन्ही बाया एकच आहेत, आमच्याकडे लग्नात बायकोचं पहिलं नावही बदलतात, तांदूळ, ताट, अंगठी, सगळं समजावलं. त्यावर एका ओळीचं उत्तर आलं: 'अर्थातच, मॅडम.' खाली हसरा चेहरा होता.

आठ दिवस मला नीट जेवण गेलं नाही. काकांना कळवायचं धाडस झालं नाही.

परत आल्यावर दोघं कॉफीचं पाकीट घेऊन ऑफिसात आले. काकू उन्हानं रापल्या होत्या आणि मनगटावरचा पट्टा अजून काढला नव्हता.

"व्यवस्था उत्तम," काका म्हणाले. "पण लोक जरा चमत्कारिक, यार. ॲनिव्हर्सरीचं कोणी नावच घेईना. मी मॅनेजरला म्हटलं, आमचा फोटो काढ, मुलीला पाठवायचाय. तर तो हळूच विचारतो, सर, नक्की पाठवायचाय?"

मी कॉफीच्या पाकिटावरची माहिती वाचायला लागले.

"चौथ्या दिवशी ही दिसेना. मी रिसेप्शनवर विचारलं, माझी बायको अनुपमा कुठे दिसली का? ती मुलगी एकदम घाबरली. इकडेतिकडे बघून म्हणते, नाही सर, त्या इथे आलेल्या नाहीत. तुम्ही निश्चिंत राहा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, किनाऱ्यावर गेलो. ही गुडघाभर पाण्यात उभी. तीनदा अनू म्हणून हाक मारली, वळेचना. तिथे सगळे हिला मिस वत्सला म्हणत होते, म्हणून शेवटी मीही तशीच हाक मारली. लगेच वळली. वाऱ्यामुळे आधी ऐकू गेलं नसणार."

"पहिल्याच हाकेला ऐकलं होतं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, बघू या काय करतात."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. काकू माझ्याकडे वळल्या. "शाळेत हजेरीला बाई म्हणायच्या, वत्सला. माहेरचं कोणी राहिलं नाही आता. मला वाटलं होतं, ते नाव संपलं. तिथे सकाळी चहा देणारासुद्धा म्हणायचा. फार बरं वाटलं गं."

मग मला मेलचं सांगावंच लागलं. काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"म्हणजे सात दिवस मी ह्यांची दुसरी होते?"

"हो, काकू."

"तरीच इतकी बडदास्त."

डिसेंबरात त्यांना श्रीलंकेला जायचं होतं. मी फॉर्म उघडला आणि सवयीनं काकांकडे बघून विचारलं, "नावं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की बावीस वर्षं मी जोडप्याची दोन्ही नावं नवऱ्यालाच विचारत आले आहे. पाटीवर काहीही लिहिलेलं असो. त्या संध्याकाळी मी पाटीखाली दुसरी ओळ घातली: 'प्रवासी दोन असतील तर दोघांनाही विचारा.' आणि पाटी समोरच्या भिंतीवर लावली, मला दिसेल अशी.

पण ते संध्याकाळी. त्या वेळी काका म्हणाले, "माझं तुला माहीत आहे. हिचं हिला विचार."

काकूंनी पर्समधून पासपोर्ट काढला आणि उघडून माझ्यासमोर ठेवला.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं."