धाकट्या जावेचा काळा कोट

आमच्या लालबागेतून आजवर पुष्कळ माणसं वकील झाली असतील, पण कायद्याचं पहिलं पान उलटण्याआधी कोटाला किती बटणं हवीत हे ठरवून मोकळी झालेली बाई एकच, आणि ती माझी धाकटी जाऊ. हे मी कौतुकाने लिहिते आहे की जळून, असं कुणी विचारलं तर दोन्ही. त्यात जळणं जास्त आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कुठलीही गोष्ट सुरू करायची तर आधी तिचं सामान घरात आलं पाहिजे, असा धाकटीचा धर्म आहे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, पण त्या भटाच्या तुरी निदान बाजारात तरी होत्या. धाकटी तुरी शिजवायचं भांडं, डाव, वर झाकण आणि झाकणाला कापडी मूठ असं सगळं आणून ठेवते, आणि मग विचारते, "ताई, तूर म्हणजे नक्की कुठली हो?" पोहायला शिकायचं ठरवलं तेव्हा तिने दादरहून टोपी, गॉगल, कानात घालायचे बोळे, नाकाला लावायचा चिमटा आणि ओले कपडे ठेवायची वेगळी पिशवी आणली. पहिल्या दिवशी तलावाच्या काठावर उभी राहून तिने शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "पाणी किती खोल आहे?" बाईंनी सांगितलं. धाकटी घरी आली. ती टोपी घालून माझे दीर पुढे दोन वर्षं भिंतींना रंग देत होते. केक करायचं मनात आलं तेव्हा ओव्हन आला, नऊ आकारांचे साचे आले, आणि केक मात्र एकच झाला. तोही आम्ही चहात बुडवून, न बोलता खाल्ला. त्या ओव्हनमध्ये आता सासूबाई आमसुलं ठेवतात. मुंग्या लागत नाहीत म्हणतात.

त्यामुळे वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मुलगा सातवीत असताना, धाकटीने "मी लॉ करणार" असं जाहीर केलं तेव्हा घरात कुणी ताटावरून मान वर केली नाही. दिरांनी फक्त एक केलं. देवासमोर तिच्याकडून वचन घेतलं, की सनद हातात पडेपर्यंत वकिलीची एकही वस्तू विकत घ्यायची नाही. आणि तिथे सगळं फिसकटलं. विकत घ्यायला काहीच नसल्यामुळे तिला नाइलाजाने अभ्यास करावा लागला. तीन वर्षं बाई पहाटे उठली, डबे केले, संध्याकाळी कॉलेजला गेली आणि पास होत राहिली.

मला हे सोसलं नाही. का, तेही सांगते. लग्न होऊन मी परळहून या घरात आले तेव्हा बी.ए. होते. वर्षभरात मी लॉ कॉलेजचा फॉर्म भरला होता आणि पहिल्याच यादीत माझं नाव लागलं होतं. त्याच महिन्यात थोरल्याची चाहूल लागली, सासरे आजारी पडले, आणि मी प्रवेश घ्यायला गेलेच नाही. घरासाठी सोडलं, असं मी गेली वीस वर्षं स्वतःला सांगत आले. पुढे शिलाईचं मशीन घेतलं. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, आम्हाला बाराव्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं मिळाली, आणि त्या बारा मजल्यांचे ब्लाऊज मी शिवते. धाकटी पुस्तक घेऊन माझ्याच मशीनशेजारी बसायची आणि म्हणायची, "ताई, जरा हे विचारा ना मला." मी विचारायची. तिचं उत्तर चुकलं की मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटायचं. एवढं करून ती क्वचितच चुकायची.

खरेदी बंद होती, पण यादी करायला बंदी नव्हती. धाकटीच्या मोबाइलमध्ये 'सनदीनंतर' नावाची यादी तीन वर्षं वाढत होती. कोट दोन, एक साधा, एक महत्त्वाच्या केससाठी. गाऊन. बँडच्या चार जोड्या. बँड म्हणजे वकिलांच्या गळ्याखाली त्या दोन पांढऱ्या पट्ट्या लोंबतात ना, त्या. आवाज न करणारे काळे बूट. आवाज करणारे काळे बूट, साक्षीदाराकडे चालत जायला. एक चष्मा, नंबर नसलेला. "तुझे डोळे तर चांगले आहेत," मी म्हटलं. "घालायला नाही हो ताई, बोलता बोलता काढायला."

सनद आली ती गणपतीत. तिने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्यांनी फुलं आणि हात जोडलेले पाठवले, मी अंगठा पाठवला. घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यामुळे खरेदी राहिली. आणि विसर्जनानंतरच्या गुरुवारी गिरगावातल्या एका ज्येष्ठ वकीलसाहेबांचा फोन आला. त्यांच्याकडे ज्युनिअरची एकच जागा होती. "सोमवारी पूर्ण पोशाखात या, थेट कोर्टातच जायचंय," ते म्हणाले. "नाही जमलं तर आत्ताच सांगा, दुसरी मुलगी तयार बसली आहे." धाकटीने जमेल म्हणून सांगितलं आणि फोन ठेवून घरभर नाचली. शुक्रवारी सकाळी ती पिशव्या घेऊन निघाली. मी सासूबाईंना चहा देत होते. तेव्हा मी जे बोलले ते मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, पितृपक्ष लागलाय ना हो?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "म्हाळ चालू हत आणि तू कापड घेवक चललंस?" त्या कडाडल्या. "काळा? ह्या दिवसांत? कामाक जा, ता त्या सायबाच्या हातात हा. पण म्हाळ सरल्याबिगर घरात नवी सुतळी येवची नाय!"

धाकटीने तिथल्या तिथे आपली पहिली केस चालवली. ऑनलाइन मागवलं तर? पैसे पक्ष संपल्यावर दिले तर? कोट तिने घेतलाच नाही, माहेरून भेट आला तर? आणि मुळात वकीलसाहेबांना वादी आणि प्रतिवादी हे दोनच पक्ष मान्य आहेत, त्याचं काय? सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "वस्तू दारातून आत इली म्हणजे घेतली," त्या म्हणाल्या. अपिलाची सोय नव्हती. धाकटी पिशव्यांसकट सोफ्यावर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर सामान घेऊन काहीच सुरू न केलेल्या बाईला, पहिल्यांदा खरंच काही सुरू करायचं होतं तेव्हा एक बटणसुद्धा घेता येत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला. मला आनंद झाला नव्हता असं मी म्हणणार नाही.

तो आनंद तासभर टिकला. "आई," बाहेरून आवाज आला, "नवीन नको ना? जुनं चालेल?" सासूबाईंनी विचार केला. जुनं हे नवं नाही, एवढं त्यांना मान्य करावं लागलं.

मग धाकटी जी सुटली ती सुटली. सातव्या मजल्यावरच्या निवृत्त टीसी काकांचा काळा कोट आला. तो इतका मोठा, की आत धाकटी आणि तिची उरलेली यादी दोन्ही मावल्या असत्या. अंगात घालून वर येताना लिफ्टमधल्या एका आजोबांनी सवयीने खिशात हात घालून पास शोधला. बूट तिच्या भाचीचे आले, शाळेचे, पण काळे. गाऊनसाठी ती गिरगावात एका वाडीत जाऊन पोचली. तिथल्या एका वकिलांच्या पत्नींनी नवऱ्यामागे दहा वर्षं जपलेला गाऊन काढून दिला आणि म्हणाल्या, "घेऊन जा गं, कपाटात कंटाळलाय तो." गाऊन झिजून काळ्याचा हिरवट झाला होता. धाकटीला तो फारच आवडला.

कोट अर्थातच माझ्याकडे आला. "ताई, तुमच्याशिवाय कोण करणार?" असं म्हणून तिने तो मशीनवर टाकला आणि निघून गेली. मी कात्री हातात घेऊन बराच वेळ बसले. एक बाही बोटभर जास्त कापली असती तरी पुरलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. पण हाताला वाईट शिवायची सवय नाही. मी शिवण उसवली, खांदे उचलले, कमरेत घेतला. रविवारी दुपारी तिने कोट घातला तेव्हा तो तिच्यासाठीच बेतल्यासारखा दिसत होता. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला आणि लगेच तिचा रागही आला.

राहिले बँड. गाऊनच्या खिशातले बँड हळदीसारखे पिवळे पडले होते. नवे आणायचे नाहीत, आणि त्याशिवाय साहेब उभं करणार नाहीत. मला काढता येणार होता मार्ग, पण मी गप्प बसले. तेवढ्यात सासूबाई आतून एक घडी घेऊन आल्या. सासऱ्यांचं धोतर होतं, मिलमधून सुटल्यावर ते सणावाराला नेसायचे ते. "ह्या काय विकत घेतलेला नाय," त्या म्हणाल्या. "त्यांचेच दिवस चालू हत. तेंकाच घेवन जा कोर्टात." आणि घडी धाकटीच्या नाही, माझ्या मांडीवर ठेवली. मी दोन जोड्या शिवल्या. टीप इतकी बारीक कधी घातली नव्हती.

सोमवारी काय झालं ते धाकटीने रात्रीच्या जेवणात उभं राहून करून दाखवलं. हिरवट गाऊन बघून कोर्टातल्या शिपायाने तिला खुर्ची दिली. दोन नव्या मुली तिच्यामागे अदबीने उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, "मॅडम, किती वर्षं झाली प्रॅक्टिसला?" धाकटी म्हणाली, "साडेदहाला सुरू केली." साहेब हसले म्हणे, आणि उद्यापासून वेळेवर या म्हणाले. जागा पक्की झाली. सगळे हसले. मीही हसले, आणि तिला भात वाढला.

मंगळवारी ती दुसरी जोडी घालून गेली. पहिली मी धुऊन वाळत घातली होती. दुपारी इस्त्रीसाठी काढली आणि आरशासमोरून जाताना, काय वाटलं कोण जाणे, गळ्याशी धरून पाहिली. घरातल्या मॅक्सीवरच होते, केस विस्कटलेले. तरी त्या दोन पट्ट्यांनी चेहरा जरा वेगळा दिसला.

"तुका पण शोभता गो," मागून सासूबाई म्हणाल्या.

मी दचकून हात खाली घेतला. "मला काय करायचंय आई," मी हसत म्हटलं. "माझं नाव लागलं होतं की लॉला, लग्नानंतरच्या वर्षी. घरासाठी सोडलं."

"कधी? माका कोण बोललाच नाय." मग जवळ येऊन, अगदी हळू आवाजात, "इचारलंस कित्याक नाय गो? मी काय नाय म्हटलं असतं?"

आणि उत्तराची वाट न बघता, वाल सोलायचे होते म्हणून त्या आत गेल्या. कुणालाच मी विचारलं नव्हतं. नवऱ्यालाही यादीत नाव लागल्याचं सांगितलं नव्हतं. वीस वर्षं ज्या नकारावर मी रुसून बसले होते, तो या घरात कुणी दिलाच नव्हता.

इस्त्री तापली होती. बँडच्या दोन्ही पट्ट्या मी सरळ केल्या, घडी घातली आणि धाकटीच्या कपाटात नेऊन ठेवली. तिचा हेवा मला अजूनही वाटतो, रोज सकाळी ती निघताना वाटतो. फक्त आता दोष कुणाला द्यायचा ते सुचत नाही.